सुटती खीळ

बिराकीट नाना कुणाच्याही घरी गेले, की आधी त्या घराचा खांब हलवून बघत आणि मग माणसांकडे वळत. यजमान दारात 'या, बसा' म्हणत उभा असायचा आणि नाना त्याला ओलांडून पडवीच्या खांबापाशी जायचे. तळहात खांबावर ठेवून अंग थोडं पुढे रेटायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. खांब करकरला नाही तर "हाय, जीव हाय" म्हणायचे आणि मगच टेकायचे. एका लग्नात त्यांनी मांडवाची मेढ हलवली, तेव्हा नवरीची मावशी अंगावर धावून आली. अपशकुन होतो म्हणाली. नाना शांतपणे म्हणाले, "माझ्या हातानं पडली तर वाऱ्यानंबी पडंल. आत्ताच पडली तर पंगत तरी वाचंल." मेढ पडली नाही, पण मावशीनं त्यांना शेवटपर्यंत लाडू वाढला नाही.

मी मूळची महाडची. वडील शाळामास्तर, मी सातवी पास. पोलादपूरच्या वर, उमरठच्या अंगाला एका गावात मला दिली. नवरा मुंबईला गोदीत, तो मे महिन्यात आणि गौरी-गणपतीला उगवायचा. घरात सासूबाई, सासरे आणि मी. सासऱ्यांना सगळं गाव आप्पा म्हणायचं. सुनेनं सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही, असा त्या घराचा रिवाज होता. आप्पा चार हातांच्या अंतरावर पाटावर बसलेले असायचे आणि मी सासूबाईंना म्हणायची, "आणखी भाकरी वाढू का विचारा." सासूबाई विचारायच्या. आप्पा त्यांनाच सांगायचे, "तिला म्हणावं, अर्धी." दोन वर्षांत मी त्या माणसाशी एक शब्दही थेट बोलले नव्हते. महाडला मी वर्गात कविता म्हणून दाखवायची, हे आता कुणाला खरं वाटणार नाही.

नाना मला पहिल्यांदा दिसले ते स्वयंपाकघराच्या दारात, आमचा मधला खांब ढकलताना. मी चुलीपुढे होते. उठू की बसून राहू, काही सुचेना, म्हणून गप्पच राहिले. त्यांनी खांब तपासला, मग माझ्याकडे पाहिलं आणि सासूबाईंना म्हणाले, "ह्या घरात खांब बोलत नाय नि सूनबी बोलत नाय. दोनी मजबूत हायत." मला हसू आलं आणि ते त्यांनी पाहिलं. तेवढ्यावर आमची ओळख झाली.

नाना आमच्या वरच्या वाडीतले. वाडी डोंगराच्या कुशीत, आमच्या घरापासून अर्ध्या तासाच्या चढावर. तरुणपणी ते मुंबईला रेल्वेच्या कुंपणाच्या गँगमध्ये होते. तिथून परत आले ते हत्यारांची एक पिशवी आणि दहा-बारा इंग्रजी शब्द घेऊन. खांब सरळ रेषेत असला तर 'लायनीत' आणि तार ताणलेली असली तर 'टाइट'. त्यांना न आवडणारा माणूस 'लूज'. पण सगळ्यांत लाडका शब्द बिराकीट, म्हणजे ब्रॅकेट; त्यांना नावही त्यावरूनच पडलं. लोखंडी पट्टी काटकोनात वाकवलेली, एका अंगाला खांबावर ठोकण्यासाठी दोन भोकं आणि दुसऱ्या अंगाला आकड्यासारखं उघडं तोंड. त्या तोंडात तार बसवायची आणि ती निसटू नये म्हणून वरून बोटाएवढ्या सळईची खीळ घालायची. आमच्याकडे तोवर लोक काटेरी तार सरळ खिळ्यांनी खांबावर ठोकत. नाना ते बघून तोंड फिरवत. "खिळ्यानं तार मरते," म्हणत. "बिराकिटात तार बसते. बसलेला माणूस उठंल. मेलेला उठंल काय?"

हे ब्रॅकेट ते बिरवाडीच्या एका लोहाराकडून घडवून घेत. त्या लोहाराचं आणि नानांचं आयुष्यभर भांडण होतं आणि आयुष्यभर दोघांनी दुसरीकडे पाऊल टाकलं नाही. तोंड सुताएवढं जास्त उघडं राहिलं तरी नाना ती पट्टी बाजूला टाकत. लोहार म्हणायचा, तार आत गेली म्हणजे झालं. नाना म्हणायचे, आत कुत्रंबी जातं.

खांब ऐनाचा आणि तोही अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेला हवा, म्हणजे त्याला कीड धरत नाही, हा त्यांचा हट्ट. बुडखा आगटीत फिरवून काळा करायचे, वाळवी लागू नये म्हणून. खड्डा दोन हात खोल, त्यात दगड, माती, पुन्हा दगड, आणि वरून पहारीच्या बुडानं इतकं ठोकायचं की ठोकणाऱ्याच्या दाढा हलाव्यात. तारांची उंची मोजायला त्यांच्याजवळ टेप नव्हता. खांबाला चिकटून उभे राहायचे आणि कोळशानं खुणा करायचे. गुडघा, मांडी, कंबर, छाती. चार खुणा, चार बिराकिटं, चार तारा. नाना अंगानं बुटके. त्यामुळे आमच्या खोऱ्यातली सगळी तारेची कुंपणं एका बुटक्या माणसाच्या मापाची होती, आणि उंच माणसं वरच्या तारेवर हात टेकून निवांत गप्पा मारत.

त्यांची आणखी एक रीत होती आणि ती सगळ्यांना माहीत होती. कुंपणाच्या आड जुनी पायवाट येत असेल तिथल्या दोन खांबांवरच्या खिळी ते वाकवत नसत. इतर ठिकाणी खीळ घातली की तिचं टोक हातोडीनं वाकवून बंद करायचे, पण वाटेवरची खीळ नुसती घातलेली असायची. हातानं काढली की तार सुटते, आठही काढल्या की चारही तारा खाली पडतात, आणि माणूस पलीकडे जाऊन पुन्हा लावतो. तिला ते सुटती खीळ म्हणत. "कुंपान गुरांना असतं," त्यांचं म्हणणं. "माणसाला कुठं लावाचं?"

आप्पांना मात्र ते माणसालाच लावायचं होतं. कुळकायद्याचे दिवस होते ते. कसेल त्याची जमीन, म्हणून लोक बोलू लागले होते आणि ज्यांच्या जमिनी होत्या त्यांची झोप उडाली होती. घरामागचा आमचा वरकस माळ, नाचणी-वरीचा, वरच्या वाडीच्या दिशेनं चढत गेलेला. वाडीची पायवाट त्याच माळातून, आमच्या मागल्या अंगणाच्या कडेनं खाली सडकेला जायची. कुणी महाडच्या वकिलानं आप्पांच्या डोक्यात भरवलं होतं, की आज पायवाट आहे, उद्या वहिवाट म्हणतील, परवा जमीन कसत होतो म्हणतील. आप्पांनी माळाला तारेचं कुंपण घालायचं ठरवलं आणि नानांना बोलावलं.

फाल्गुन-चैत्रात ते काम चाललं. महिनाभर नाना रोज मागल्या पडवीत चहाला बसत आणि माझ्याशी बोलत. म्हणजे ते बोलत आणि मी ऐके. मुंबईत रेल्वेच्या कुंपणातून माणसं आडवी घुसतात आणि गाडीखाली येतात, हे त्यांनी मला सांगितलं. "तिथं बेडं ठेवलं असतं तर मेली नसती," म्हणाले. बेडं म्हणजे कुंपणातलं आडव्या बांबूंचं फाटक. "सायबाला बोललो मी. साहेब बोलला, गप ऱ्हा." त्यांच्या हातांवर काट्यांचे ओरखडे इतके होते, की कातडी कुठली आणि ओरखडा कुठला ते कळत नसे. मी हळद लावायला दिली की हसून कपाळाला लावायचे.

काम वरच्या हद्दीला, वाटेपाशी आलं तेव्हा आप्पा स्वतः तिथे गेले. मी मागल्या दारातून पाहत होते. शंभर पावलांवर ते दोघं उभे होते आणि वारा आमच्याकडे होता.

"इथल्याही खिळी वाकवून टाक, बिराकीट," आप्पा म्हणाले. "सुटं काही नको."

"आप्पा, वाट हाय ती."

"होती. आता कुंपण आहे. त्यांनी डोंगराच्या धारेवरून जावं."

"धारंवरनं सडकंला जावाचं तर दीड तास जादा. पावसात पऱ्या भरून वाहतो, तिकडनंबी वाट नाय. डोली न्यावाची झाली तर कुठून न्यावाची?"

"तुझ्या घराखालची जागा कुणाची आहे, बिराकीट?" आप्पांनी विचारलं. आवाज चढवला नाही. आप्पा कधीच आवाज चढवत नसत.

नानांनी हातोडी उचलली आणि ठोकायला लागले. मला त्यांचा राग आला, हे कबूल करायला हवं. मला वाटलं, एवढा खांब हलवणारा माणूस आणि एका वाक्यात हलला.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना त्यांनी सासूबाई आत गेल्याची खात्री करून घेतली आणि बशी खाली ठेवली.

"सूनबाय, एक गोष्ट तुझ्या पोटात ठेव. वाटेवरच्या दोन खांबांच्या खिळी वाकवलेल्या दिसतात, पन त्या वाकवलेल्या न्हाईत. अगोदरच वाकड्या करून घातल्यात. डाव्या हातानं, आपल्याकडं फिरवल्या की सुटतात. उजव्या हातानं कितीबी पिळा, हलाच्या न्हाईत. माणूस उजव्या हातानंच वढतो."

मी आतल्या दाराकडे एकदा पाहिलं.

"वाडीत सांगितलं तर उद्याच्याला तिथून म्हशी जातील नि आप्पांना कळंल. घरातबी बोललो नाय मी, बायकांच्या पोटात ऱ्हात नाय. तू कमी बोलतेस. तुझ्याकडं ऱ्हाईल. पन येळ आली, कुनाची डोली आली, तर तू सांग. तू घरातच असतेस. तुला ऐकू येतं."

मी मान हलवली. खरं तर मला अभिमान वाटला. त्या घरात माझ्या गप्प राहण्याचा कुणाला काही उपयोग असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

आषाढात झड लागली. कशेडी घाटात दरड आली आणि रस्त्याच्या कडेचे खांब वाहून गेले, म्हणून सडकवाल्यांनी नानांना तिकडे बोलावून नेलं. त्यांची लेक सुगंधा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला मी एकदाच पाहिलेलं, चैत्रात, हळदीकुंकवाला आली होती तेव्हा. बापासारखीच बुटकी आणि हसरी. आमच्या ओटीवर चढताना तिनंही खांबाला हात लावला होता आणि मग जीभ चावली होती.

त्या दिवशी दुपारचे बारा वाजले असतील. मी भाकऱ्या भाजत होते. सासूबाई गावात शेजारी गेल्या होत्या. पावसाचा पत्र्यावर आवाज चालला होता, आणि त्यातून माळाच्या वरून हाका ऐकू आल्या. मागल्या दाराशी गेले तर कुंपणापलीकडे सहा-सात माणसं, इरली पांघरलेली, आणि मधे झोळीची डोली, बांबूला बांधलेली. डोलीशेजारी नानांची बायको उभी होती. ती ओरडत होती, "आप्पा, वाट द्या. पोरीचं पाय थंड पडलंत. मूल आडवं आलंय." हे मला शब्दन् शब्द ऐकू आलं. नाना म्हणाले होते तसंच.

आप्पा ओटीवरून मागल्या पडवीत आले. त्यांचे कान वयानं जड झाले होते आणि पाऊस कोसळत होता. त्यांना 'वाट' आणि 'डोली' एवढंच ऐकू आलं असावं. हे मी त्यांना वाचवायला सांगत नाही. समजा, त्यांना सगळं ऐकू आलं असतं तर त्यांनी काय केलं असतं, ते मला माहीत नाही, आणि ते कळायची सोय मीच ठेवली नाही.

"धारेवरून न्या," आप्पांनी हात करून सांगितलं.

वरच्या एका गड्यानं तारेला धरून खिळी पिळून पाहिल्या. उजव्या हातानं. मग कमरेचा कोयता काढून खांबावर दोन घाव घातले. नानांचा खांब, तो कोयत्याला कसली दाद देणार. "खांबाला हात लावाल तर पोलीसपाटलाला बोलावीन," आप्पा म्हणाले, आणि हे मात्र त्यांनी ओरडून सांगितलं. गड्यानं कोयता खाली केला.

मी आप्पांच्या पाठीमागे, दारात उभी होते. हात पिठानं भरलेले. तीन पावलं पुढे टाकायची आणि म्हणायचं, डावा हात. दोनच शब्द. आप्पांना सांगायचंही नव्हतं, पावसात धावत जाऊन फिरवायच्या होत्या. माझी दातखीळ बसली. लोक म्हणतात ना तशी, पण मला ती खरोखर जाणवली, कानाखाली हाड आवळलं गेल्यासारखी. नंतर मी स्वतःला पुष्कळ कारणं सांगितली. खिळीचं उघड झालं असतं तर आप्पांनी नानांना घराच्या जागेतून काढलं असतं. बायका डोलीत बाळंत होतात, ही पण होईल. दीड तास म्हणजे काही फार नाही. ही सगळी कारणं मी नंतर शोधली. त्या वेळी माझ्या मनात एवढंच होतं, की आप्पांसमोर बोलायचं कसं.

त्यांनी डोली उचलली आणि धारेकडे वळवली. नानांची बायको वळून वळून बघत होती. चुलीवर भाकरी करपली होती. आप्पा आत येऊन पाटावर बसले, आणि मी त्यांना दुसरी वाढली.

सुगंधा धारेवर, एका ऐनाखाली गेली. मूल पोटातच राहिलं. डोली सडकेला पोचलीच नाही, तिथूनच मागे वळवली. संध्याकाळी गुराख्यानं येऊन सांगितलं, तेव्हा आप्पांना कळलं की ती बिराकीटची लेक होती. ते रात्री जेवले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी कुंपण होतं तसंच होतं.

नाना तेराव्यानंतर आले. मागल्या दारानं, नेहमीसारखे. पडवीत बसले आणि पिशवी मांडीवर घेतली. आल्यावर त्यांनी खांबाला हात लावला नाही, हे माझ्या लगेच लक्षात आलं. मी चहा दिला. त्यांनी तो निवू दिला, मग प्याले. दाढी वाढली होती आणि ती पांढरी आहे हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

"सूनबाय," ते म्हणाले, "त्या दिशी खिळी जाम झाल्या व्हत्या काय?"

त्यांनी मला शिवी द्यायला हवी होती. तू कुठे होतीस, असं विचारायला हवं होतं. मी रडले असते, पाय धरले असते, काहीतरी झालं असतं. पण त्या माणसानं उत्तरच सोलून माझ्या हातात ठेवलं होतं, मी फक्त तोंडात टाकायचं होतं.

"होय," मी म्हणाले. "जाम झाल्या होत्या. फिरेनात."

नानांनी मान हलवली. उठले आणि माळ चढून कुंपणाशी गेले. मी दारातून पाहत होते. त्यांनी वरच्या, छातीच्या तारेच्या खिळीला डावा हात लावला. खीळ एका फिरवण्यात सुटली. तार सैल होऊन त्यांच्या हातात आली. ती तशीच धरून ते किती वेळ उभे राहिले, मला सांगता येणार नाही. मग तार परत तोंडात बसवली, खीळ घातली, पिशवीतून करंजाच्या तेलाची बाटली काढली आणि आठही खिळींना एकेक करून तेल लावलं.

परत आले ते पडवीत चढले नाहीत. अंगणातूनच म्हणाले, "जाम व्हत्या खऱ्या. लावलं तेल. माझीच चूक, दर साली लावाया पायजे."

एवढं बोलून गेले. मी दारात बसले आणि ते गेले त्या बाजूला बघत राहिले. त्यांनी मला माफ केलं होतं, की मला माझ्या खोट्यासकट आयुष्यभरासाठी तिथे ठोकून ठेवलं होतं, ते मला तेव्हा कळलं नाही.

त्यानंतर नानांनी नवं कुंपण घातलं नाही. कुणी बोलावायला आलं तर म्हणत, "डोळ्याला लायन दिसत नाय आता." लोहाराकडे जाणं बंद झालं. तो एकदा स्वतः बिरवाडीहून चालत आला, भांडायला म्हणून, आणि नुसताच बसून गेला म्हणतात. पण दर वर्षी वैशाखात नाना आमच्या माळावर बाटली घेऊन यायचे आणि त्या आठ खिळींना तेल लावायचे. आप्पांना वाटायचं, गंज चढू नये म्हणून लावतो. खूश होऊन म्हणायचे, बिराकीट कामाचा पक्का. मग नाना मागल्या पडवीत बसून चहा प्यायचे. पाऊसपाणी, गुरं, मुंबईहून कोण आलं, असं थोडं बोलायचे. खांबाला हात मात्र लावायचे नाहीत. एका वर्षी आमचा तो मधला खांब खरोखरच वाळवीनं पोखरला आणि एका बाजूला कलला. नानांनी त्याच्याकडे पाहिलं आणि चहा संपवला.

सहा पावसाळे असे गेले. मधे सासूबाई वारल्या. मग घरात आप्पा आणि मी, आणि आमच्या मधला दुवा गेलेला. रिवाज मात्र राहिला. आम्ही दोघं मांजराशी बोलू लागलो. मी म्हणायची, "मने, जेवायला वाढलंय." आप्पा म्हणायचे, "मने, आज भूक नाही." आता हसू येतं. तेव्हा त्यात काही विचित्र आहे असंही वाटत नसे.

त्या वर्षी वैशाख संपला आणि नाना आले नाहीत. वाडीतली एक बाई खाली उतरली होती, तिनं सांगितलं, बिराकीट नानांनी अंथरूण धरलंय, पाणीसुद्धा पोटात ठरत नाही. मी हातातलं सूप खाली ठेवलं. मागल्या दारानं बाहेर पडले आणि माळ चढू लागले. आप्पा पडवीत होते. त्यांनी मांजराला विचारलं, कुठे निघाली म्हणून. मी थांबले नाही.

कुंपणाशी आले. सहा वर्षं मी त्या खिळी दारातून पाहिल्या होत्या, हात एकदाही लावला नव्हता. डावा हात पुढे केला आणि वरची खीळ माझ्याकडे फिरवली. लोण्यात फिरावी तशी फिरली. खालच्याही तशाच. आठही सुटल्या आणि चार तारा गवतात पडल्या. मी तिथेच उभी राहून रडले, मोठ्यानं. सहा वर्षांपूर्वी एवढंच काम होतं.

नानांचं घर लहान, शेणानं सारवलेलं. ते खांबाशी टेकून अंथरुणावर पडले होते. त्यांच्या बायकोनं मला पाहिलं आणि पाण्याचा तांब्या माझ्या पुढ्यात ठेवून ती बाहेर गेली. मी त्यांच्या उशाशी बसले. वाटेत सगळं बोलायचं ठरवलं होतं आणि आता पुन्हा तोंड उघडेना. नानांनीच डोळे उघडले.

"कुठल्या वाटंनं आलीस गो?"

"खीळ फिरवून."

"डाव्या हातानं?"

"होय, नाना."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग विचारलं, "फिरली?"

"फिरली," मी म्हणाले. "आताही फिरली आणि तेव्हाही फिरली असती. मी लावलाच नव्हता हात."

नाना वर आढ्याकडे पाहत राहिले. डोळ्यांतून पाणी आलं ते कानाकडे ओघळलं, त्यांनी पुसलं नाही. मी पुसलं नाही. मला तो हक्क नव्हता. मग त्यांनी हात उचलून शेजारच्या खांबावर ठेवला, हलवायला नव्हे, नुसता ठेवला.

"येताना लावलीस, का सुटी ठेवलीस?"

"तारा खाली पडल्यात. तशाच आहेत."

"ऱ्हाऊ दे तशाच," नाना म्हणाले.

मला माफ केलं, असं ते म्हणाले नाहीत, आणि मीही माफी मागितली नाही. चौथ्या दिवशी ते गेले. ते गेल्याचं सांगायला वाडीतला माणूस त्याच वाटेनं खाली आला.

पण ते नंतर. त्या दिवशी मी वाडीतून माळ उतरून आले, तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. कुंपणाची फट तशीच उघडी होती आणि तिच्या अलीकडे, पडलेल्या तारांपाशी, आप्पा काठी टेकून उभे होते. तेवढं चढून यायला त्यांना किती वेळ लागला असेल कोण जाणे, छाती धापत होती. मांजर तिथे नव्हतं. सासूबाई नव्हत्या. आम्ही दोघंच होतो. आप्पांनी इकडेतिकडे पाहिलं, मग काठीनं तारांकडे दाखवून, हवेतच विचारलं, "ही तार कुणी सोडली?"

"मी सोडली," मी त्यांच्याकडे बघून म्हणाले. "वाट आहे ती."